बसायला कोणी येत नाही

भावाच्या बोअरला पाणी लागलं, म्हणून आईनं शिवेवरच्या दर्ग्यातल्या पीरबाबाला कबूल केलेली शिरणी द्यायची होती. तिचे गुडघे आता शिवेपर्यंतच्या वाटेला साथ देत नाहीत, तेव्हा ते काम दिवाळीच्या सुट्टीत माहेरी आलेल्या माझ्याकडे आलं. परतायच्याच दिवशी दुपारी डब्यात रेवड्या-चिरंजी, एक नारळ आणि उदबत्तीचा पुडा घेऊन मी धुऱ्यावरून निघाले. पऱ्हाटी फुटायला लागली होती. पहिल्या वेचणीच्या बाया कमरेला ओटी बांधून तास धरून पुढे सरकत होत्या. दर्ग्याची झाडलोट बघणारे मुजावर चाचा नेहमीसारखे कडुनिंबाखालच्या ओट्यावर बसलेले. त्यांनी डबा आत नेला, निखाऱ्यावर ऊद टाकला, कबरीवरच्या चादरीवर, गलेफावर, फुलं वाहिली आणि फातिहाची प्रार्थना वाचली. आम्ही बाया उंबऱ्याच्या आत जात नाही, म्हणून मी बाहेरच डोक्यावर ओढणी घेऊन उभी. नारळाची अर्धी वाटी परत मिळाली, मोरपिसांचा कुंचा डोक्यावरून फिरला. हिंगणघाटची गाडी गेली तर पुढची थेट संध्याकाळी. मी चपला घालायला वळले तेव्हा चाचा म्हणाले, "बेटी, मांगने कू सब आते. बैठने कू कोई नई आता."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि ते बहुधा मला उद्देशूनही नव्हतं. त्या दिवशी माझ्याआधी तिघं-चौघं येऊन गेली असतील, त्यांच्या पाठीकडे बघत मनात घोळलेलं माझ्यासमोर ओठांवर आलं, इतकंच. पण गाडीत खिडकीजवळ बसल्यावर, बाहेर जिनिंगकडे चाललेल्या कापसाच्या गाड्या मागे पडत असताना, ते वाक्य काही मागे पडेना. गावात बसायला माणसांची वाण कधीच नव्हती. पारावर बसतात, चावडीवर बसतात, दुपारच्या वेळी ओसरीत बाया तूर निवडत बसतात. चाचांच्या ओट्यावरही बिडी ओढायला कोणी ना कोणी टेकतंच. मग त्यांना कुठलं बसणं हवं होतं?

लहानपणी आमच्यासाठी पीरबाबा म्हणजे गावाच्या शिवेवरचा राखणदार. मारोती आत, मरीमाय नाल्यापलीकडे आणि पीरबाबा वावराच्या वाटेवर. नवे गहू घरी आले की पोळी कुस्करून गुळाचा मलिदा व्हायचा आणि पहिला घास तिकडे जायचा. पोळ्याला मारोतीला फेरी घालून आलेले बैल पीरबाबासमोर पण उभे करत. तापलेल्या पोराला ताईत, न फळणाऱ्या झाडाला हिरवं फडकं, हरवलेल्या गाईसाठी नारळ. आमचा तिथला सगळा व्यवहार हा असा, देण्या-घेण्याचा. त्या कबरीत कोण आहे, तो माणूस जिवंतपणी काय करत होता, कुठून आला, कोणाचा शिष्य होता, हे आम्ही कधी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. देव आणि पीर यांना चरित्र असतं, ही कल्पनाच नव्हती. त्यांना फक्त वार असतात. पीरबाबाचा वार गुरुवार.

आजीच्या देवघरात गजानन महाराजांच्या शेजारी ताजुद्दीन बाबांची तसबीर होती. विदर्भातल्या कितीतरी घरांत ती तशी आहे, शेजारीशेजारी, आणि त्यात कोणाला वेगळं काही वाटत नाही. आजी बाबांच्या चमत्कारांच्या गोष्टी इतक्या रंगवून सांगायची की त्या तिच्या डोळ्यांदेखत घडल्या असं वाटावं. पुढे मोठं झाल्यावर त्यांच्या आयुष्याचा सांगाडा कळला, आणि तो मला त्या गोष्टींपेक्षा जास्त हलवून गेला. १८६१ मध्ये कामठीला जन्म, लहानपणीच पोरकेपण, पलटणीत नोकरी, मध्य प्रांतातल्या सागरला असताना तिथल्या एका दर्ग्यात रात्री-रात्री जाऊन बसणं, मग नोकरी सोडून भटकणं. १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं आणि १९०८ मध्ये राजे रघुजी भोसल्यांनी जामीन राहून सोडवून आपल्या वाड्यावर नेलं. मधली सोळा वर्षं भिंतींच्या आत. नंतर काही काळ वाकीला काशिनाथ पाटलांकडे राहिले आणि १९२५ मध्ये नागपुरात गेले. आजीला इस्पितळ माहीत होतं, पण तिच्या गोष्टीत ते बाबांच्या दरबारासारखं यायचं. त्या भिंतींच्या आत एकटं बसलेला माणूस तिनं मला कधी दाखवला नाही. तिला तो दिसत होता की नव्हता, कोण जाणे.

आणि मग गिरड. आमच्या समुद्रपूर तालुक्यातल्या कुठल्याही पोराला विचारा, बाबा फरीद म्हणजे गिरडची टेकडी. बंडीतून गेलेलं मला आठवतं ते गोल दगड वेचायला. टेकडीवर लहान-मोठे वाटोळे दगड सापडतात, कुणी त्यांना सुपाऱ्या म्हणतं, कुणी जायफळ, कुणी नारळ. गोष्ट अशी की मालाचे बैल घेऊन चाललेल्या व्यापाऱ्यांनी टेकडीवर बसलेल्या फकिराची टिंगल केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. ते पाया पडले तेव्हा त्यानं वाळक्या पानांचा नवा माल करून दिला, पण तोवर व्यापाऱ्यांचं मन व्यापारातून उठलं होतं. ते तिथेच राहिले. भूगर्भवाले सांगतात की आपल्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत खनिजं साचून असे गोळे तयार होतात. मला दोन्ही आवडतं. पण आम्ही मुलं त्या गोष्टीतून फक्त दगड घ्यायचो. टेकडीवर तो माणूस नुसता बसून काय करत होता, हा प्रश्न गोष्टीच्या अगदी सुरुवातीलाच पडायला हवा होता, आणि आम्ही तो ओलांडून थेट चमत्काराकडे पळायचो.

त्या माणसाचा इतिहास मी फार उशिरा वाचला. फरीदुद्दीन गंजशकर, सूफी संतांच्या चिश्ती परंपरेतले. अजमेरचे ख्वाजा मोइनुद्दीन, त्यांचे खलिफा, म्हणजे त्यांची गादी पुढे चालवणारे शिष्य, दिल्लीचे कुतुबुद्दीन बख्तियार काकी, आणि त्यांचे फरीद. जन्म मुलतानकडचा, मुक्काम पंजाबातल्या अजोधनला, ज्याला आता पाकपट्टण म्हणतात. तिथेच १२६५ च्या सुमारास देह ठेवला. त्यांचे शंभरावर श्लोक शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. गिरडच्या टेकडीवर त्यांनी चिल्ला केला, म्हणजे चाळीस दिवस एकांतात राहून साधना केली, असं लोकांची श्रद्धा सांगते. कागदोपत्री फरीद पंजाबातच दिसतात, पण त्यांच्या नावाचे चिल्ले हिंदुस्थानभर आहेत. लोकांनी त्यांना आपल्या आपल्या टेकडीवर आणून बसवलं, यात मला त्यांच्यावरची मालकी दिसत नाही, ओढ दिसते.

त्यांच्याविषयीची एक गोष्ट चिश्ती परंपरेत सांगतात ती वाचली आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ गप्प राहिले. अजोधनच्या त्यांच्या खानकाहमध्ये, म्हणजे मठात, गरिबी इतकी की रानातली आंबट-तुरट फळं मिठाच्या पाण्यात उकडून सगळे जेवत. तीही पोटभर मिळाली तर तो दिवस ईदचा. एकदा मीठ संपलं. स्वयंपाकाचं काम तरुण निजामुद्दीनकडे होतं, जे पुढे दिल्लीचे निजामुद्दीन औलिया झाले. त्यांनी वाण्याकडून थोडं मीठ उधार आणलं. फरीदांनी पहिला घास उचलला आणि हात जड झाला म्हणून तसाच परत ठेवला. या जेवणात काहीतरी बरोबर नाही, म्हणाले. निजामुद्दीननं उधारीचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले की दरवेशानं उपाशी मरावं, पण जिभेच्या चवीसाठी कर्ज करू नये. कर्ज आणि ईश्वरावरचा भरवसा यांच्यात पूर्व-पश्चिमेचं अंतर आहे.

आमच्याकडे ही गोष्ट कोणाला सांगायची?

आमच्याकडे बियाणं उधारीवर, खत उधारीवर, फवारणी उधारीवर, आणि कृषी केंद्राच्या वहीतलं नाव कापूस विकेपर्यंत पुसलं जात नाही. कापूस विकल्यावरही पुसलं जातंच असं नाही. कर्जापायी औषध घेतलेली माणसं आमच्या गावात आहेत, शेजारच्या गावात आहेत, आमच्या नात्यात आहेत. इथल्या माणसानं चवीसाठी कधी कर्ज केलेलं मी पाहिलं नाही. म्हणून पहिल्यांदा मला त्या गोष्टीचा रागच आला. ज्याला मागं-पुढं कोणी नाही त्या फकिरानं उधारी नाकारणं सोपं. पण गोष्ट डोक्यातून जाईना, आणि हळूहळू तिची दुसरी बाजू दिसायला लागली. फरीद तो हुकूम वाण्याच्या गिऱ्हाइकांना देत नव्हते. ते आपल्या घासाकडे बघत होते. मीठ-फळांवर जगणाऱ्या माणसाला, घास तोंडात जायच्या आधी, तो कुठून आला हे हातालाच कळावं, इतकं ज्याचं स्वतःकडे लक्ष आहे, तो माणूस ते लक्ष कुठे शिकला? ते टेकडीवर बसून शिकावं लागत असणार. तिथून मला चाचांच्या वाक्याचा पहिला धागा हाती लागला.

पुढच्या सुट्टीत मुद्दाम गुरुवार टाळून गेले. हातात काही नेलं नाही. चाचांनी डब्याकडे बघायची सवय म्हणून हाताकडे बघितलं आणि मग सरकून ओट्यावर जागा दिली. बराच वेळ आम्ही पावसाबद्दल, मामांच्या ऑपरेशनबद्दल, सोयाबीनच्या भावाबद्दल बोललो. मग मी विचारलं, त्या दिवशी म्हणालात ते बसणं कसं असतं? त्यांनी उत्तर दिलं नाही. आत जाऊन एक तसबीह, जपमाळ, आणली. खजुराच्या बियांची, त्यांच्या वडिलांच्या हातची. प्रत्येक बी एका बाजूनं इतकी गुळगुळीत झालेली की तिच्यावरची चीर दिसेनाशी झाली होती. दुसरी बाजू अजून खरबरीत. अंगठा कायम एकाच बाजूनं फिरला असणार. "अब्बा इशा के बाद बैठते थे," ते म्हणाले, इशा म्हणजे रात्रीची नमाज, आणि मांडी बदलून गुडघ्यांवर बसले. डोळे मिटले. 'ला इलाहा' म्हणताना हनुवटी उजव्या खांद्याकडे गेली, श्वास बाहेर ओढल्यासारखा निघाला. आणि 'इल्लल्लाह'ला मान झटक्यानं डाव्या छातीकडे आली, जणू काही आत ठोकून बसवायचं आहे. दोन-तीन वेळाच केलं त्यांनी. कडुनिंबावर कावळे ओरडत होते, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. पण तेवढ्यातही चाचांचा चेहरा मी ओळखते त्या चाचांचा राहिला नव्हता.

ते मराठी-हिंदीत मिसळून सांगत गेले ते माझ्या शब्दांत असं. पहिल्या अर्ध्यात सगळं नाकारायचं: माझं वावर, माझं नाव, माझा राग. देव म्हणून मनात जे जे बसलंय ते उठवायचं. दुसऱ्या अर्ध्यात ती मोकळी झालेली जागा एकासाठीच ठेवायची. हा असा नामजप म्हणजे जिक्र; मोठ्यानं करतात तो जिक्र-ए-जली, मनात करतात तो खफी. पुढे शब्द सुटतो आणि नुसत्या येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर पहारा राहतो. त्याच्याही पुढे मुराकबा, मान खाली घालून नुसतं हजर राहणं. "आणि हे एकट्यानं नाही होत," चाचा म्हणाले. कोणाच्या तरी सोबतीत बसावं लागतं, ज्यानं आधी कोणाच्या सोबतीत बसून शिकलंय. मग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी गुंडाळलेला शजरा, गुरु-शिष्यांची वंशावळ, काढला. कडा खाल्लेला कागद, उर्दू अक्षरं. पैगंबर साहेबांपासून हजरत अली, हसन बसरी, खाली खाली येत उस्मान हारूनी, मोइनुद्दीन, कुतुबुद्दीन, फरीद, आणि पुढे कितीतरी नावं, शेवटी आमच्या शिवेवर झोपलेल्या पीरबाबांचे गुरू आणि ते स्वतः. प्रत्येक नावानंतर चाचा थोडं थांबत. मला उर्दू वाचता येत नाही. पण जन्मापासून ज्याला मलिदा दिला त्या पीरबाबाला गुरू होते, त्या गुरूला गुरू होते, आणि ही माणसं एकमेकांजवळ बसत-बसत बसरा-बगदादकडून वर्धा जिल्ह्यातल्या काळ्या मातीपर्यंत पोचली होती, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सगळ्यांचं बसणं सारखं नसतं, हेही चाचांकडूनच. बाळापूरला नक्शबंदी या दुसऱ्या सूफी परंपरेची जुनी खानकाह आहे, तिकडे त्यांच्या साडूंचं जाणं-येणं. बुखाऱ्याच्या बहाउद्दीन नक्शबंदांची ती वाट, आणि तिच्यात मोठ्यानं जिक्र नाही, कव्वाली नाही. साडू आले की दोघांची दरवेळी तीच चर्चा. चिश्तींचं म्हणणं, सूर काळजाला मऊ करतो. कुतुबुद्दीन काकी तर समा, म्हणजे भक्तिगायन, ऐकता-ऐकताच गेले असं सांगतात. साडूंचं म्हणणं, मनातल्या मनात होत असेल तर बाजा कशाला? त्यांच्याकडचे दोन नियम चाचांना मात्र मनापासून आवडतात. एक, नजर बर कदम: चालताना नजर आपल्या पावलावर. पावसाळ्यात धुऱ्यावरून जाणारा आपल्याकडचा प्रत्येक माणूस तसाच तर चालतो, कारण गवतात काय असेल सांगता येत नाही. दुसरा, खल्वत दर अंजुमन: भरल्या गर्दीत असताना आतून एकटं असणं. हा दुसरा मी तेव्हापासून बसमध्ये, शाळेच्या स्टाफरूममध्ये करून बघते आहे. जमतो म्हणता येत नाही, पण आठवतो.

उंबऱ्याबद्दल मी विचारायचं टाळत होते. आपल्या गावच्या म्हाताऱ्या माणसाला ते कसं विचारायचं? पण हे बसणं जर इतकं सगळ्यांसाठी आहे, तर मी बाहेर का, हे मनात होतंच आणि आजही आहे. गंमत म्हणजे ज्या परंपरेच्या उंबऱ्याबाहेर मी उभी राहते, तिच्या आत बाया पहिल्यापासून बसलेल्या आहेत. आठव्या शतकातली बसऱ्याची राबिया, एका हातात पेटता पलिता आणि दुसऱ्यात पाण्याचं भांडं घेऊन निघाली होती म्हणतात: स्वर्ग जाळायला आणि नरक विझवायला, म्हणजे लोक लोभानं नाही, भीतीनं नाही, नुसत्या प्रेमानं देवाकडे वळतील. खुद्द बाबा फरीद आपली मुलगी बीबी शरीफा हिच्याविषयी म्हणाल्याचं सांगतात की बाईला खिलाफत, म्हणजे गादीचा वारसा, देण्याची रीत असती तर ती मी हिलाच दिली असती. रीत नव्हती, आणि त्यांनीही ती मोडली नाही. मला ते वाचून आनंद आणि हळहळ एकाच वेळी झाली. दिल्लीच्या संत बीबी फातिमा सामबद्दल निजामुद्दीन म्हणत की वाघ जंगलातून बाहेर आला की तो नर की मादी हे कोणी विचारत नाही. आणि आपल्याच राज्यात, पुण्याच्या कॅम्पात, सूफी संत हजरत बाबाजान १९३१ पर्यंत वर्षानुवर्षं एका कडुनिंबाच्या झाडाखाली रस्त्याकडेला बसून होत्या. शेवटी मी चाचांना विचारलंच. ते बराच वेळ मोरपिसं सारखी करत राहिले. "आत तर मी पण झाडायलाच जातो," म्हणाले. "बसतो तर इथंच, ओट्यावर." उत्तर पूर्ण नव्हतं, पण खोटंही नव्हतं.

मागण्याचं टोक कुठवर जातं ते बुलडाण्याकडच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यात दिसतं. होळीच्या वेळची ती यात्रा, नारळांची ती होळी. मनाचा आजार झालेली माणसं तिथे आणतात. साखळीनं बांधून ठेवलेलीही असत. अशा माणसाला दवाखाना आणि औषध मिळायलाच हवं, यात माझ्या मनात काडीचा संशय नाही, आणि पीराच्या नावानं कोणाला बांधून ठेवणं हे पीराचं काम नव्हे. पण तिथे पोरीला घेऊन बसलेल्या एका आईचे डोळे मी पाहिले आहेत, आणि त्या आईला दोन शब्द सुनावायची माझी हिंमत झाली नाही. सगळी दारं बंद झाल्यावर ती या दारात आली होती. ताजुद्दीन बाबांना ज्या काळात इस्पितळात टाकलं, त्या काळापासून आपण अशा माणसांचं करायचं काय हे नीट शिकलोच नाही, असं मला वाटत राहतं.

हे सगळं मी आईला सांगितलं तेव्हा ती वाटी घेऊन दाण्यातले खडे निवडत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बसाले वेळ कोणाजवळ हाये बाई? मागाले तं उभ्या-उभ्याही मागता येते." मग थोडं थांबून, "ज्याच्या घरी काहीच कमी नाही थो बसन. आमी मागू नाही तं काय करू?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. आईनं आयुष्यभर मागितलं ते स्वतःसाठी जवळजवळ काहीच नाही. बोअरला पाणी, पोराची नोकरी, नातवाचा ताप. तिच्या मागण्याला हलकं म्हणायची माझी तयारी नाही. आणि चाचांचं वाक्य जर तिला हलकं ठरवत असेल तर मला ते वाक्यही नको होतं.

उत्तर मला परत निजामुद्दीनांपाशीच मिळालं, त्या मिठाची उधारी केलेल्या पोरापाशी. पुढे दिल्लीजवळ यमुनेकाठी गियासपूरला त्यांची खानकाह होती. तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत माणसांची रीघ, आणि जवळजवळ सगळे मागायलाच आलेले. कोणाचं पोर आजारी, कोणाला नोकरी हवी, कोणाला ताईत. लंगर चालू. सुलतानांना मात्र भेट नाही: माझ्या घराला दोन दारं आहेत, सुलतान एकानं आत आला तर मी दुसऱ्यानं बाहेर जाईन, असं त्यांनी कळवलं होतं. दिवसभर ते लोकांचं ऐकत, स्वतः रोजा धरत, आणि पहाटे सेहरीला वाढलं की घास घशाखाली उतरत नसे, कारण मशिदींच्या कोपऱ्यांत आणि दुकानांच्या फळ्यांवर उपाशी झोपलेली माणसं आठवत. रात्रभर एकटं बसायचं ते दिवसभर दुसऱ्याचं ऐकता यावं म्हणून. १३२५ मध्ये ते गेले तोवर हे असंच चाललं.

तेव्हा चाचांकडे मी नव्यानं पाहिलं. गुरुवारी त्यांच्यापुढे किती जण येतात! जावई दारू पितो, वाटणीचा दावा लागलाय, पोरीला स्थळ येत नाही, गाय गाभण राहत नाही. चाचा एकालाही मध्ये तोडत नाहीत. सल्ला क्वचित. नाव विचारून घेतात आणि फातिहानंतर दुवा मागताना एकेक नाव घेतात, त्यात रामभाऊ, सुमनबाई, शकीलचा पोरगा सगळे एका ओळीत. मागणाऱ्याला उभ्या-उभ्या मागता येतं, कारण कोणीतरी तिथे बसलेलं असतं. माझ्या आईनं आयुष्यभर निवांत मनानं मागितलं ते या माणसाच्या आणि त्याच्या वडिलांच्या बसण्याच्या भरवशावर. त्यांना हवे आहेत ते मागणारे कमी करून बसणारे नव्हेत. आपल्यानंतर त्या ओट्यावर बसेल असं कोणीतरी हवं आहे.

ते मिळणं अवघड होत चाललंय. त्यांचा मुलगा बुटीबोरीला कारखान्यात आहे, पाळीची नोकरी, सणाला येतो आणि झोप काढतो. पुतण्या धर्मप्रचाराच्या जमातीत जायला लागल्यापासून कबरीपुढे हात पसरणं त्याला बरोबर वाटत नाही, आणि तो तसं आदरानं पण स्पष्ट सांगतो. दुसऱ्या बाजूनं आमच्यातलीही काही पोरं आता मलिदा न्यायला कां-कू करतात, मोबाइलवर काय काय आलेलं दाखवतात. चाचा दोघांशीही वाद घालत नाहीत. पुतण्याला म्हणतात, तू मागू नको, नुसता बस. आमच्या पोरांना काय म्हणायचं ते अजून त्यांना सुचलेलं नाही, आणि मलाही. मला या बदलाचं दुःख आहे, ते लपवून काय करायचं? ज्या ओट्यावर माझ्या घरच्या किती पिढ्या चपला काढून उभ्या राहिल्या, तिथे जावं की नाही याचा विचार माझ्या भाच्यांना करावा लागतोय.

यंदाच्या उरुसाची बैठक मागच्या आठवड्यात झाली. संदलाची मिरवणूक नेहमीसारखी निघणार, कव्वाल नागपूरहून येणार, जेवणाला ज्वारी आणि तुरीची डाळ घरोघरून. चाचांनी पहिल्यांदाच काही मागितलं: कव्वालीच्या आधी, इशाची नमाज झाल्यावर, तासभर सगळे दिवे आणि भोंगे बंद. ज्याला बसायचं त्यानं बसावं, कुठल्या जातीचा, बाई की बुवा, विचारायचं नाही. स्पीकरवाल्या पोरांनी कुरकुर केली की तेवढ्या वेळात गर्दी उठून जाईल. शेवटी अर्धा तास ठरला. बायांची सोय कडुनिंबाच्या या अंगाला, ओट्यावरच. पुतण्यानं सतरंज्या आणायचं कबूल केलं. मी रजेचा अर्ज टाकला आहे, आणि आईसाठी बिनहाताची खुर्ची बघायला भावाला सांगितलं आहे, कारण अर्धा तास मांडी घालून बसणं तिला जमणार नाही, आणि तिनं विचारलंय की बसल्या-बसल्या थोडंसं मागितलं तर चालते का.